दारासमोरचा कोपरा

लेकीच्या बंद दारासमोरचं शिवणयंत्र मी एकटीनं ढकलत आमच्या खोलीत नेलं. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात गादी घातली, वर तिची बाळपणीची गोधडी पसरली, भिंतीला लोड टेकवला, शेजारी तिची पुस्तकं रचली.

"पोरगी दार उघडत नाही आणि तू लोड कसले मांडतेस?" नवरा चिडला.

"मग काय करू ते तू सांग!"

अपघात झाला तेव्हा स्कूटी आमची लेक चालवत होती. मागे बसलेली तिची मैत्रीण गेली. तेवीस दिवस लेक कुणाशी एक शब्द बोलली नव्हती. दाराबाहेर ठेवलेलं ताट अर्धं तसंच परत यायचं. डॉक्टर झाले, मावशी झाली, माझं रडून झालं.

चार दिवस कोपरा रिकामाच राहिला. पाचव्या दुपारी मीच तिथे बसले आणि तिचं कासव-हंसाच्या मैत्रीचं जुनं पुस्तक दारापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचू लागले. ती लहान असताना स्वयंपाकाच्या घाईत मी पानं गाळायचे आणि ती दर वेळी पकडायची.

हंस उडून गेला. पुढच्या पानावर तो परत येतच नाही, कासव तळ्याकाठी एकटं रडत बसतं. माझी जीभ रेटेना. गुपचूप दोन पानं एकदम उलटून मी पुढचं वाचायला घेतलं.

दाराआडून घोगरा आवाज आला.

"आई, पान गाळलंस. वाच ते."