उजवीकडचा मागचा दिवा

"नवा दिवा मीच आणलाय, मिस्त्री. जुना काढा, हा बसवा आणि एक चिठ्ठी लिहून द्या. ब्रेकलाइट चालू होते म्हणून."

थोरल्याने खोकं बाकावर ठेवलं. गिऱ्हाईक स्वतःच सुटा भाग घेऊन आलं की मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडत. आज मात्र आठ्यांचं कारण निराळं होतं.

सकाळीच धाकट्याची बायको येऊन गेली होती. तिचा नवरा, म्हणजे या थोरल्याचा सख्खा भाऊ, चार दिवसांपासून इस्पितळात होता. पाय दोन ठिकाणी मोडलेला, डोक्याला टाके. शाळेची बस चालवायचा तो. चूक त्याचीच ठरली तर लायसन्स जाणार, आणि लायसन्स गेलं की नोकरी कसली राहते!

"भावोजी म्हणतात, कुत्रं आडवं आलं, मी करकचून ब्रेक दाबला, तर हा मागून येऊन धडकला," ती सांगत होती. "हे म्हणतात, लाल दिवा लागलाच नाही. पुढचं विचारलं की नुसतं 'पांढरं, पांढरं' करतात. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, बोलू द्या काहीबाही."

"दोघं एकत्र कुठे निघाले होते? अबोला होता ना?"

"वर्षभराचा. त्या दिवशी भावोजींनी आपण होऊन बोलावलं. घराचं मिटवून टाकू म्हणाले. ते पुढे गाडीत, हे मागे स्कूटरवर. मिस्त्रीकाका, तुम्ही नीट बघाल ना? पोलीस तुमच्याच चिठ्ठीवर अडलेत."

मिस्त्रीने शब्द दिला होता. म्हणून तो आता खोक्याला हात लावेना.

"आधी तपासतो. बसा गाडीत. दाबा ब्रेक."

डावा लाल दिवा लख्ख लागला.

"सोडा."

विझला.

दहा वेळा दाबायला लावलं. वायरी हलवून पाहिल्या, फ्यूज काढून पाहिला, पेडलवरच्या स्विचला टिचक्या मारल्या. दिव्याने एकदाही दगा दिला नाही. उजवा दिवा टकरीत फुटला होता, पण टेस्टर लावल्यावर तिथेही करंट व्यवस्थित येत होता.

"झालं समाधान?" थोरला खिडकीतून म्हणाला. "अहो, त्याचं लक्ष कुठे असतं! लहानपणापासून धांदरट. मी शंभरदा सांगितलं असेल, अंतर ठेव म्हणून."

मिस्त्रीला स्वतःचीच लाज वाटली. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, आणि आपण उगाच मनात काहीतरी धरून बसलो. त्याने मुकाट्याने स्क्रू सोडवले आणि फुटका दिवा बाहेर काढला.

"तो फेका तिकडे," थोरला घाईने म्हणाला.

"फेकतो."

पण फुटका बल्ब निरखल्याशिवाय फेकायची त्याची रीत नव्हती. पेटता बल्ब फुटला की आतल्या तापलेल्या तारेला हवा लागते, ती जळते आणि भोवती पांढरी राख धरते. विझलेला फुटला तर तार चकचकीत राहते. हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तीस वर्षं फुटके दिवे उघडून त्याला कळलं होतं.

त्याने ब्रेकचा बल्ब उजेडात धरला.

तार तुटली होती, पण नव्या सुईसारखी चकचकीत होती.

म्हणजे टक्कर झाली तेव्हा हा दिवा पेटलेला नव्हता. वायर शाबूत, स्विच शाबूत, फ्यूज शाबूत, आणि तरी पेटलेला नव्हता. मग याचा पाय ब्रेकवर होता कुठे? मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. आणि गाडी आपली नीट पुढे चालली होती, तर रोज बस हाकणारा माणूस तिच्यावर एवढ्या जोरात आदळला कसा? डिकीचा पत्रा वीतभर आत गेला होता.

"दादा, कुत्रं आलं होतं ना आडवं?"

"म्हणजे काय! अजून अंगावर काटा येतो. पाय पेडलवर जवळजवळ उभाच राहिला माझा. तुम्ही चिठ्ठीचं बघा, मला ठाण्यावर जायचंय."

"आलोच."

मिस्त्री खाली बसला. फुटका दिवा मांडीवर आडवा घेतला. त्यात आणखी दोन कप्पे होते. वळताना लागणारा पिवळा बल्ब तर शाबूतच होता, त्याला साधा ओरखडाही नव्हता. तिसऱ्या कप्प्यातला फुटला होता. गाडी मागे घेताना लागतो, तो पांढरा. त्याने तो हलकेच फिरवून काढला आणि आत बोट घातलं.

बोटाला पांढरी राख लागली.