जवसाचं पाणी

उकळलेलं जवस सुती ओढणीत ओतून सुभद्राबाई दोन्ही हातांनी पिळत होती. गर तारेसारखा लांबत खालच्या वाडग्यात पडत होता. निवला की तो घट्ट होतो आणि कापडातून उतरत नाही, म्हणून चटके सोसत पिळायचा.

मोरीपाशी पाटावर हर्षदा केस सोडून बसली होती. उद्या सुपारी फोडायला कडोदऱ्याहून योगराज आणि त्याची माणसं येणार होती. योगराज म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचा, सोनालीचा नवरा. सोनाली श्रावणात डेंग्यूने गेली. मागे दोन वर्षांची छकुली राहिली. ती आत झोपली होती. दिवसपाणी उरकलं आणि योगराजच्या आईने विषय काढला, की मावशीच आई झाली तर पोर परकी होणार नाही. हर्षदाला विचारलं, तेव्हा मिलमध्ये जादा पाळीला म्हणावं तसं ती हो म्हणाली. सोनाली गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

योगराजच्या आईने फोनवर एवढंच बजावलं होतं की पोरीला सोनालीसारखी वेणी घालून बसवा.

हर्षदाची वेणी तशी नव्हती. ती बी.एस्सी. होती, सचिन गावातल्या एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये कामाला. वाफेने आणि पेरॉक्साइडने तिचे केस केरसुणीसारखे झाले होते. तिने रिठे-शिकेकाईचं पाणी डोक्यावर घेतलं, चोळलं, धुतलं. मग लिंबू पिळलेलं पाणी ओतलं. त्यावर जवसाचा गर लावायचा. तो केसावर पातळ थर धरतो, मग केसाला केस घासत नाही.

ही कृती मुळात सोनालीसाठी होती. माहेरी आली की ती डोक्यावरचा पदर सरकू देत नसे. केस कोरडे झालेत, फार जातात, म्हणायची. हर्षदाने कडोदऱ्याच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि लॅबमध्ये तपासलं. क्षार खरोखरच फार होते. तिने सोनालीला सगळं समजावून सांगितलं. सोनालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हो, पाणीच असेल,” ती म्हणाली होती.

रिठ्या-शिकेकाईचं प्रमाण हर्षदाने बसवलं. जवस सुभद्राबाईने सुचवलं. तेव्हापासून दर महिन्याला दोन बाटल्या कडोदऱ्याला जात.

सुभद्राबाईचे स्वतःचे केस कायम तेलाने थबथबलेले असत. लग्नकार्यातसुद्धा. धुडकूला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, लूमवरून यायला उशीर झाला, की ती संध्याकाळी पुन्हा तेल चोपडायची. मम्मी पप्पांसाठी नटते, म्हणून दोघी मुली हसायच्या. आता धुडकू उद्याची साडी आणायला पर्वत पाटियाच्या बाजारात गेला होता.

सुभद्राबाईने गर हर्षदाच्या केसांना लावला. मग फळीवरून एक कापडी पिशवी काढली. सोनालीच्या सामानाबरोबर ती परत आली होती. फणीत निघालेलं गुंतवळ भांडीवालीला देऊ नका, साठवा, त्याचं गंगावन होतं, असं सुभद्राबाईने दोघींना लहानपणापासून शिकवलं होतं. सोनालीने साठवलं होतं. त्या केसांचं गंगावन हर्षदाच्या वेणीत घातलं, की वेणी सोनालीसारखी दिसली असती.

हर्षदाने गुंतवळ रिठ्याच्या पाण्यात बुडवलं. धुऊन, निथळून ती एकेक केस सोडवू लागली. गंगावनात सगळ्या केसांची मुळं एका बाजूला घ्यावी लागतात, नाहीतर गाठी होतात. मूळ कुठलं ते चिमटीत कळतं. केस बोटांमध्ये मागेपुढे चोळला, की तो मुळाच्या बाजूने सरकतो. ती चोळत होती, फिरवत होती, लावत होती. गुंतवळाला दिशा नसते. बोटाभोवती गुंडाळून ठेवलेलं असतं ते.

पिशवीच्या तळाशी एक बट होती. गुंडाळलेली नव्हती. हर्षदाने तिच्यातला एक केस चोळला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे एकाच बाजूला सरकले. त्या बटेत लावण्यासारखं काहीच नव्हतं. सगळी मुळं आधीच एका टोकाला होती, आणि प्रत्येक मुळाशी पांढरा ठिपका होता. क्षाराने कोरडा झालेला केस मधेच तुटतो. त्याला मूळ नसतं. आणि एवढे केस एका वेळी, एका जागचे, आपण होऊन गळत नाहीत.

तिने बट ताटलीत सरळ मांडली. पिशवीत हात घातला. तशी आणखी एक होती.

“मम्मी, पाणी नव्हतं.”

सुभद्राबाईने कुठलं पाणी, असं विचारलं नाही. ताटलीकडेही पाहिलं नाही. ती पुन्हा ओढणी पिळू लागली. तिच्यातून आता काही निघत नव्हतं.

“उद्या मी बसणार नाही,” हर्षदा म्हणाली. “आणि छकुली इथंच राहील.”

आत पंखा फिरत होता. हर्षदाने तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं. गर धुवायला ते पुरलं नाही. तिने दुसरा तांब्या घेतला. केस पिळायला गेली, तर ते बोटांतून सुटून जात होते. तिने पुन्हा धरले. पुन्हा सुटले. ती तशीच थांबली आणि तिने आईच्या डोक्याकडे पाहिलं. तेलाचा एक ओघळ कानामागून मानेवर उतरला होता.

“तुला माहीत होतं?”

सुभद्राबाईने ओढणी खाली ठेवली. बुळबुळीत हात पदराला पुसले.

“म्हनीसन ते जवस लावाले सांगं व्हतं,” ती म्हणाली. “केस मुठमा ऱ्हातस नही. निसटी जातस.”