टाक्यातला तांब्या

"सुमंत रोज येतो चहाला. तू माझी काळजी सोड आणि त्यांना हो कळवून टाक," उल्हासराव म्हणाले. इशिता सकाळी विमानतळावरून घरी आली, तेव्हापासून त्यांचं हेच पालुपद चाललं होतं.

इशितानं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. ट्युनिशियात एका रोमन घराच्या अंगणाखाली पाण्याचं टाकं सापडलं होतं. मागच्या उन्हाळ्यात ती त्यात उतरून गाळ उपसत होती, आणि आता पुढची दोन वर्षं ते सगळं काम तिच्यावरच सोपवायला उत्खननाचे लोक तयार होते. उत्तर आज द्यायचं होतं. पण आई गेल्यापासून बाबा सनीव्हेलच्या या घरात एकटे. त्यांना टाकून इतक्या लांब जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. बाबांच्या एका मित्राच्या, सुमंतकाकांच्या भरवशावर सगळं येऊन थांबलं होतं.

"रोज? रिअली?"

"रोज म्हणजे रोज! येतो, तास-दीड तास डोकं खातो, मग जातो. मलाच वाटतं कधीकधी, यानं एखादा दिवस घरी बसावं." थाप मारायचीच तर हात आखडता घेऊ नये, असा उल्हासरावांचा बाणा. मग विषय बदलावा म्हणून त्यांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "ही खापरं कसली गं एवढी?"

इशिता लगेच खुलली. "अरे बाबा, हाच तर बेस्ट पार्ट आहे! पाणी काढताना दोरी तुटते, भांडं आत पडतं. वरून गाळ साचत जातो आणि भांडं तिथेच राहतं. हे बघ, सगळ्यात खाली हे मोठे घडे. तेव्हा घर भरलेलं होतं. त्याच्यावर ही मधली भांडी. आणि एकदम वरच्या थरात फक्त हा."

तांब्याएवढंच मातीचं भांडं होतं ते. कान तुटलेला.

"हा कुणाचा?"

"शेवटी जो उरला त्याचा. एकट्याला किती पाणी लागणार? भांडी बघितली ना, की घरात किती माणसं होती ते कळतंच."

ती आपली सहज बोलून गेली. उल्हासरावांची नजर मात्र ओट्याकडे गेली. भांड्यांच्या जाळीत एक ताटली, एक वाटी, एक कप, आणि कपभर चहाचं चिमुकलं पातेलं. बाकी काही नाही.

"चहा टाकतो," म्हणत ते लगबगीनं उठले. चिमुकलं पातेलं गुपचूप सिंकखाली गेलं. मग स्टुलावर चढून, गुडघे नको नको म्हणत असताना, त्यांनी सगळ्यात वरच्या फळीवरून पत्नीचं, रेखाताईंचं मोठं पातेलं काढलं. घरच्या गणपतीला अख्खं मंडळ लोटायचं, तेव्हा त्यात चहा व्हायचा.

"सुमंत येईल ना आता, मोठंच लागतं!" ते तिकडूनच ओरडले.

इशिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं पातेल्यात डोकावून आतून एक बोट फिरवलं. बोटाला तेलकट, काळसर धूळ लागली. तिनं पातेलं घेतलं, साबणानं घासलं, पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं.

तीन कपांचा चहा त्या पातेल्याच्या पार तळाशी उकळला. उल्हासरावांनी तो तीन कपांत ओतला आणि तिसरा कप रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. दोघांचे कप संपले. तिसऱ्यावर साय धरली. उल्हासरावांना एरवी चहावरची साय नुसती बघवतही नाही.

"बाबा, काका येत नाहीत ना?"

"मॉरिसव्हिलला गेला तो, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलाकडे. डिसेंबरातच." टेबलावर सांडलेली साखर ते बोटानं टिपत राहिले. "फोन करतो अधूनमधून."

"मग तू कशाला असं..." तिला रडूच फुटलं. "मी नाही म्हणून कळवते त्यांना. इथेच बघते काहीतरी. तुला असं एकटं सोडून मी नाही जाणार."

"वेडी आहेस का!" ते एवढ्या जोरात म्हणाले की दोघंही दचकली. त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले होते. नाक ओढत त्यांनी स्क्रीनवरच्या त्या भांड्याकडे बोट केलं.

"इशू, बाकीचे गेले तेव्हा हा तांब्यावाला का नाही गं गेला त्यांच्याबरोबर?"

"ते नाही कळत बाबा गाळातून."

"मला कळतं. त्यानंच पाठवलं असणार त्यांना. जा म्हणाला असेल, माझं भागतं एवढ्यावर."

त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. मग तिसरा कप आपल्याकडे ओढला आणि तो गार चहा सायीसकट पिऊन टाकला.