पाव नंबरचा फरक

"बघा, तुमच्यासमोरच भरते," मावशी प्रोग्रामरला म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या त्या कारखान्यात ऑर्डर भरायला चौघी होत्या. नवं सॉफ्टवेअर येऊन महिना झाला होता आणि चुका फक्त मावशींच्याच होत होत्या. अकरा गिऱ्हाइकं डोकं धरून परत आली. दर वेळी डाव्या डोळ्याचा नंबर पावने चुकलेला. मालकांनी मावशींना घरी बसवायचं ठरवून टाकलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, एवढं प्रोग्रामरने लिहून दिलं की विषय संपला. तो ते घरूनच लिहून घेऊन आला होता. अकरा वेळा चुकणाऱ्या बाईबद्दल त्याला फारशी शंका नव्हती.

मावशींनी नाव भरलं, तारीख भरली. उजव्या डोळ्याची यादी उघडून नंबर निवडला. मग डाव्या डोळ्याची. उणे दीड. अगदी बरोबर. आता सेव्ह दाबलं की झालं.

मावशींनी दाबलं नाही. त्यांनी पान वर न्यायला माऊसचं चाक फिरवलं. पान ढिम्म हललं नाही. "हे मेलं असंच अडतं," म्हणत त्यांनी माऊस जरा बाजूला घेतला आणि पुन्हा फिरवलं. पान सरकलं. नाव, तारीख, उजवा डोळा. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी एकेक गोष्ट चिठ्ठीशी ताडून पाहिली. डावा तर आत्ताच भरला होता.

प्रोग्रामरची नजर मात्र मघाशीच डाव्या डोळ्यावर खिळली होती. चाकाच्या पहिल्याच फेऱ्यात तिथे उणे सव्वा झालं होतं. माऊस वर असला की मिटलेल्या यादीतला आकडाही चाकाने बदलावा, ही सोय त्यानेच मोठ्या हौसेने ठेवली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. ती सोय बंद करायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. खिशातला कागद फाडून तो मालकांच्या खोलीत गेला.

"चूक माझी आहे, मावशींची नाही," त्याने सगळं उलगडून सांगितलं.

मालकांना काही ते पचेना. काचेपलीकडे बाकीच्या तिघी खटाखट ऑर्डरी उरकत होत्या.

"सॉफ्टवेअर तर चौघींना एकच आहे. मग या तिघींची कशी एकही चूक होत नाही?"

"त्या भरलेलं पुन्हा तपासत नाहीत, म्हणून."