गाडीनं दम टाकला

बैल जुंपलेली मोटार धाड गावच्या बाजाररस्त्यानं येताना दिसली. एरवी लोक पोट धरून हसले असते, पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. उकंडराव मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. ही गाडी एक दिवस आपल्या टपरीसमोर येऊन उभी राहणार, हे त्याला ठाऊक होतं.

भगवंतराव पाटलांची ती जुनी अमेरिकन मोटार, आठ सिलिंडरची. कोण्या संस्थानिकाच्या लिलावातून त्यांनी हौसेनं आणलेली. पाटील मागून पायी आले, भादरलेल्या डोक्यावर टोपी. सोबत जानेफळचे त्यांचे मेहुणे अर्जुनराव. आदल्याच दिवशी पाटलांच्या बायकोची, सत्यभामाबाईंची तेरवी झाली होती.

"सुरू करून काऊन नाही आणली?" उकंडरावानं विचारलं.

"दाजी हात लावू देत नाहीत," अर्जुनराव म्हणाले. "बैलं लावा म्हणे. तिचा आवाज ऐकवत नाही त्याइले."

त्यात नवल नव्हतं. भरदुपारी सत्यभामाबाईंच्या पोटात कळ उठली होती. पाटलांनी त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि स्वतः गाडी हाकत बुलढाण्याचा दवाखाना गाठला. तोवर आतडं फुटलं होतं. अर्धा तास आधी आणलं असतं तर बाई वाचली असती, असं डॉक्टर म्हणाला. पाटलांनी आल्यागेल्याला एवढंच सांगितलं, की गाडीनं दम टाकला, ताशी तीस मैलांच्या वर गेलीच नाही. लोकांना ते पटलंही. पाटील गाडी भन्नाट हाकायचे. त्यांच्या हाताखाली गाडी रेंगाळली म्हणजे खोट गाडीतच असणार.

खोट गाडीत होती, आणि ती उकंडरावानंच घातली होती.

त्याच महिन्यात त्यानं इंजिन खोलून पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या होत्या. नव्या रिंगांवर पहिले पाचशे मैल गाडी पळवायची नसते. पण मालकलोक ऐकतात थोडेच? म्हणून उकंडरावाची एक रीत होती. कार्बोरेटरच्या खाली तो बारीक भोकाची पत्री, म्हणजे पत्र्याची चकती, बसवून द्यायचा. गाडी हळू असेपर्यंत कळायचं नाही, रेस वाढवली की इंजिनाला पेट्रोलचा खुराक पुरायचा नाही आणि दम तुटायचा. महिनाभरानं मालक तक्रार घेऊन आला की गपचूप पत्री काढायची आणि खोट सापडली म्हणून सांगायचं. हे तो कोणालाच सांगत नसे. सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी काढून फेकतील.

पाटलांनाही त्यानं सांगितलं नव्हतं.

"रेसवर दम काऊन टाकते ते पाह्य," अर्जुनराव म्हणाले आणि बाकड्यावर बसले.

उकंडरावानं बॉनेट उघडलं. प्लग काढले, पुसले, पुन्हा लावले. पॉइंट पाहिले, कॉइल पाहिली. पेट्रोलचा पंप खोलला, फिल्टर झटकला. सगळं ठीक होतं. कार्बोरेटरकडे मात्र त्याचा हात जाईना. दर भाऊबीजेला सत्यभामाबाई त्याला ओवाळायच्या. मायबापाविना वाढलेल्या माणसाला हक्काचं तेवढंच एक घर होतं. तेरवीच्या पंगतीतून तो भरल्या पानावरून उठला होता.

"झालं?"

"बाकी ठीक दिसते," उकंडराव पुटपुटला.

अर्जुनराव उठले. "म्हणजे गाडीत खोट नाही. मंग खोट माणसात असंल. दाजी, भाचीले मी आजच जानेफळले घेऊन जातो. ज्याच्यानं बायको दवाखान्यात पोचवणं झालं नाही, त्याच्या घरी पोरगी ठेवत नाही मी."

पाटील खाली मान घालून उभे राहिले. एकुलती एक पोर, आठ वर्षांची. आपल्या पापाची शिक्षा या भल्या माणसाला होऊन राह्यली, हे उकंडरावाला पाहवेना.

"थांबा," तो म्हणाला. "खोट हाये. म्याच केली ते."

आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. पत्री, रिंगा, आपली रीत, काहीच लपवलं नाही.

अर्जुनरावांनी त्याच्या कानाखाली आवाज काढला. "बहीण म्हणत होता बे तिले?" मग ते पाटलांकडे वळले. त्यांचा आवाज पार उतरला. "दाजी, तुमच्यावर शक घेतला म्या. माफ करा. पोरगी तुमचीच हाये, तुमच्याजवळच राह्यल." डोळे पुसत ते बैल सोडून घेऊन गेले. दिवस मावळायच्या आत अख्ख्या धाडला ही गोष्ट कळणार होती. या टपरीत आता कोणी गाडी आणणार नव्हतं.

पाटील तिथंच उभे होते.

"ते अवदसा काढून तुमच्या हातात देतो, पाटील," उकंडराव म्हणाला. "मंग मले काय करायचं ते करा."

त्यानं कार्बोरेटर सोडवून वर उचलला. खाली बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. वाकून पाहिलं.

"पाटील, पत्री नाही."

"नसंलच. गाडी दम टाके म्हून तिसऱ्याच दिवशी खोलून पाह्यली, अन् काढून फेकली म्या."

"मंग त्या दिवशी गाडी?"

पाटलांनी रस्त्याकडे पाहिलं. अर्जुनराव दूर गेल्याची त्यांनी खात्री केली.

"गाडी साठनं पळून राह्यली होती, उकंडा. सत्यभामा मांगून म्हणे, हिसका बसला की जीव जाते, हळू घ्या न जी. म्या हळू घेतली."