पितळी बिल्ला

चाळीस शिलाई मशिनी आणि बाथरूमला जायला पितळी बिल्ला एकच. तो खिळ्यावर असेल तरच उठायचं, नाहीतर कळ सोसत शिवत राहायचं, असा सुपरवायझरचा नियम. काल आमच्यातली धाकटी, सात महिन्यांची गरोदर, बिल्ल्याची वाट बघत बसल्या जागी भिजली. सुपरवायझर फिदीफिदी हसला. आम्ही माना खाली घालून शिवत राहिलो. आज जेवणाच्या सुट्टीत कटिंगवाल्या मावशींनी कॉलरचं जाड कापड पसरलं आणि चाळीस गोल बिल्ले कापून प्रत्येकीच्या गळ्यात अडकवले. भोंगा वाजला. थोड्या वेळाने धाकटी उठली. पितळी बिल्ल्याकडे तिने बघितलंही नाही. "थांब!" सुपरवायझर खेकसला. "बिल्ला कुठाय?" तिने गळ्यातला दाखवला. "हा नाही, खरा!" बाकीच्या मशिनी एकदम थांबल्या. मावशी म्हणाल्या, "खरा खिळ्यावरच आहे, साहेब. आता तो तुमच्यासाठी. लागली की आम्हाला विचारून जा."