खांड कुठं पडली?

पेणच्या खाडीकाठच्या गावात हिरामण दर निवडणुकीला मतदान केंद्रात पक्षाचा एजंट म्हणून बसायचा. यंदा गावातल्या सुशीलच्या नावावर भलताच पोरगा मत द्यायला आला, तसं हिरामणने त्याला हटकलं, "गावचाच ना तू? मग यंदा खांड कुठं पडली, सांग."

"कुठली खांड? लागलं काय तिला?"

खाडीचा बांध फुटतो, ती खांड. बांधावर दरसाल सरकारी पैसा ओततात, दरसाल खारं पाणी शेतात शिरतं. गावातलं शेंबडं पोरही जागा दाखवेल.

"साहेब, बोगस हाय हा!" हिरामण ओरडला.

त्याच्याच पक्षाचा उमेदवार दारातून आत आला आणि कानाशी लागला, "हिरामणदादा, गप बसा. आपलाच हाय."

हिरामणने छातीवरचा बिल्ला काढून उमेदवाराच्या हातात ठेवला आणि पोराकडे वळला.

"ही बघ. खांड इथं पडली."